अवतरणचिन्हातली हेमावती

के. आर. पुरम,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

अवधूत,

काल भाऊबीज होती. दुकानभर कॅलेंडरं टांगून बसतोस, तेव्हा ठाऊक नव्हतं असं सांगू नकोस. मी पाट मांडला, तबक केलं, तुला आवडतात म्हणून चिरोटे केले. दिवेलागण झाली तरी तुझा पत्ता नाही. मग ज्यांना भाऊ नाही त्या बायका करतात तसं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. तोही मेला ढगात. चिरोटे मैत्रेयीला देऊन टाकले.

तू आला नाहीसच, वर अंजलीकडून फोन करवलास. स्वतःच्या तोंडानं बोलायला जीभ झडली होती? ती बिचारी वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, “अक्का, हे म्हणतात, तो व्हिडिओ काढून टाका आणि बोम्मसंद्र्याला मोहनकुमारांच्या घरी जाऊन माफी मागा. तोवर आमचा जिना चढायचा नाही.” मी विचारलं, आणि तुझं काय म्हणणं आहे बाई? तर फोनच ठेवला. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून हे स्पीड पोस्टानं. सही करून घ्यावंच लागेल.

आता ऐक. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तुझ्यासारखं कार्डं विकून नाही पोट भरलं. रिटायर झाल्यावर घरात बसून मी काय करायचं होतं, वाती वळायच्या? वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मैत्रेयी, पुण्याची, कंपनीत कामाला, तिलाच सुचलं. म्हणाली, मॅम, तुम्ही रस्त्यानं चालताना बोर्ड वाचून जे बोलता ना, ते मी शूट करते. झालं. ती फोन धरते, मी लाल पेन हातात घेऊन बोलते. ‘लाल पेनवाली मिस’. लोकांना आवडतं. रस्त्यात पोरी थांबवून सेल्फी घेतात.

आणि मी खोटं काय बोलते? केळीवाल्याच्या गाडीवर ‘बनानाज’ लिहितात आणि एसच्या आधी तो स्वल्पविराम उंच टांगतात. अपॉस्ट्रॉफी! केळ्यांच्या मालकीचं काय आहे रे तिथं? अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, मालकीला लागते, हे पाचवीतल्या पोरालाही मी पट्टी न उगारता शिकवलंय. ‘पीजी फॉर जेंट्स’, तिथंही टांगलेली. ‘इट्स’ म्हटलं की डोळे झाकून टांगतात; इट इज म्हणायचं असेल तर हवी, ‘त्याचं’ म्हणायचं असेल तर नको, एवढंच तर आहे. जिथं हवी तिथं मात्र हमखास नाही. या गावात सगळं ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, थोडं चालवून घ्या, यावर चालतं. भाषा अ‍ॅडजस्ट होत नाही, अवधूत.

आणि ती अवतरणचिन्हं! ज्यूसच्या दुकानावर ‘फ्रेश’ला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली की त्याचा अर्थ होतो, म्हणे फ्रेश, आम्हाला विचाराल तर नाही. जोर द्यायला नसतात ती. हे मी ज्यूसवाल्यावर बोलले तेव्हा तूच हसलास. अंजलीनं तो व्हिडिओ माहेरी पाठवला. आणि तेच मी तुझ्या दुकानातल्या कार्डावर बोलले तर मी राक्षसीण झाले.

मोहनकुमारांनी छापून घेतलेलं वैकुंठ समाराधनेचं कार्ड होतं, कबूल. माणूस गेल्यावर तेराव्याला बोलावण्याचं. एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्रजी. कन्नड बाजू व्यवस्थित होती. इंग्रजी बाजूला ‘रिलेटिव्ह्ज’, ‘फ्रेंड्स’, ‘प्रेयर्स’ सगळ्यांवर अपॉस्ट्रॉफ्या बसलेल्या, तारेवर कावळे बसावेत तशा. आणि मधोमध, बाईच्या फोटोखाली, मोठ्या अक्षरात ‘माय लव्हिंग वाइफ’, त्यातल्या ‘लव्हिंग’ला अवतरणचिन्हं. मी त्याचा अर्थ सांगितला. जो आहे तोच सांगितला. व्हिडिओत बाईचा चेहरा झाकला होता. नाव दिसलं असेल तर मला माहीत नाही.

चूक छापणारा तू, आणि माफी मागायची मी? चोराच्या उलट्या बोंबा. अशी माफी मी मागणार नाही.

तुझी अक्का


के. आर. पुरम,
रविवार, २ नोव्हेंबर

अवधूत,

तुझी चिठ्ठी मिळाली. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. बहिणीला लिहायला कोरा कागद पण जड झाला. चार ओळी, आणि त्यातली एक, “चेहरा झाकलेला नाही, अक्का. नीट बघ.”

बघितलं. पूर्ण झाकलेला नाही. मैत्रेयीनं ती धुरकट पट्टी लावली होती, पण फोन हलला की पट्टी सरकते आणि बाई दिसते. हे तंत्र तिचं आहे, मला त्यातलं काय कळतं? सरी, मान्य, दिसते. पुढं?

पुढं काल मी स्वतः आले. तू म्हणशील कशाला आलीस. बाबांनी चालू केलेलं दुकान आहे ते, तुझ्या सासऱ्याचं नाही. कन्नड राज्योत्सवाची गडबड, चिकपेटभर लाल-पिवळी तोरणं, मेट्रोतून वर येईपर्यंत जीव अर्धा झाला. जिना चढून आले तर तू काउंटरच्या मागं, दोन गिऱ्हाईकं समोर, आणि तू मान वर केलीस. सख्ख्या बहिणीकडं बघून तू म्हणालास, “अक्का, खाली उतर.” आवाज चढवला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी दिल्या असत्या चार परत. गिऱ्हाईकांसमोर मी उतरले. मला कुणी वर्गाबाहेर काढलेलं नाही आजवर, मीच काढत आले.

अंजली माझ्यामागं खालपर्यंत आली. तिनं मला तुझं तत्त्वज्ञान ऐकवलं, जसं काही मी त्या घरात वाढलेच नाही. बाबांचा नियम आहे म्हणे. आहे ना! मला सांगते? लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ चार-चार वेळा दाखवायचं, नवरीच्या मामाला पण दाखवायचं. पण मयताचं कार्ड घेऊन आलेल्याला दुसऱ्यांदा जिना चढायला लावायचा नाही. त्याला बसवायचं, कॉफी द्यायची, तो जे लिहून देईल ते तसंच छापायचं, आणि संध्याकाळच्या आत कार्डं त्याच्या घरी पोचवायची. चूक दिसली तरी दाखवायची नाही. बाबा म्हणायचे, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला, तुमचं अमुक चुकलंय, असं आपण कोण सांगणार? लग्नाच्या पत्रिकेतली चूक चार गावं वाचतात, मयताच्या कार्डातली कुणी वाचत नाही. तारीख बघतात, जागा बघतात, फोटोकडं एकदा बघतात.

तर मी ती वाचली. बाबांचं त्या काळात ठीक होतं, तेव्हा कुणाकडं फोन नव्हते. तू अजून तेच कवटाळून बसलास. म्हाताऱ्यानं बुद्धी गहाण टाकली म्हणून तूही टाकायची? तू त्या माणसाला हळूच म्हणाला असतास, अहो, एवढं एक बदलूया, तर तो काय जिन्यावरून उडी मारणार होता? तू गप्प बसलास आणि त्याला पुण्य म्हणतोस. याला पुण्य नाही म्हणत, आळस म्हणतात.

आणि प्रूफाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. बाबा असताना, आणि ते गेल्यावरही, या दुकानातली एकही इंग्रजी पत्रिका माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छपाईला जात नव्हती. शाळेतून येऊन, पेपर तपासून, मी तुमची ‘रिक्वेस्ट द प्लेझर’ तपासत बसायची. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. चिकपेटात तुझ्या पत्रिकांचं नाव होतं ते कुणामुळं? आणि एक दिवस तू प्रूफं पाठवायचं बंद केलंस. सांगितलंही नाहीस. मी वाट बघत बसले, वाटलं सीझन मंद आहे. मग अंजलीकडून कळलं, आता फोनच दुरुस्त करतो म्हणे सगळं.

त्या दिवशी, तू म्हणतोस तसं “चोरून”, मी ते कार्ड उचललं, तेव्हा मी तुला काय विचारलं होतं आठवतं? विचारलं होतं, तपासायचं काही आहे का रे. तू कॉम्प्युटरकडंच बघत म्हणालास, काही नाही अक्का, तू बस, कॉफी घे. मी बसले. कॉफी प्याले. समोरच्या गठ्ठ्यात वरच ते कार्ड होतं. उचललं, पर्समध्ये टाकलं. समोर पडलेलं कार्ड उचललं तर त्याला चोरी म्हणत नाहीत.

आता बघ, फोन दुरुस्त करतो ना सगळं? मग हे का नाही केलं?

कस्तुरी


के. आर. पुरम,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

अवधूत,

माझा फोन नंबर त्या मुलीला द्यायचा तुला कुणी अधिकार दिला?

काल दुपारी मी जेवायला बसले होते. अनोळखी नंबर. मला वाटलं कुणी चाहती असेल. ती कन्नडमध्ये म्हणाली, मी काव्या, त्या कार्डावरच्या हेमावतींची मुलगी. मग तिनं मला एकच विचारलं, “मिस, खाली लोकांनी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का?” मी म्हटलं, मी कमेंट वाचत नाही. ती म्हणाली, वाचा. ठेवला नाही फोन. घास माझ्या हातातच होता.

मला काय बोलावं कळेना, आणि कळलं नाही की मी शिकवायला लागते. तुला माहीतच आहे. मी तिला म्हटलं, हे बघ बाळ, कुठलीही गोष्ट छापायच्या आधी एखाद्या शिकलेल्या माणसाला दाखवावी. तू शिकलेली दिसतेस, तू का नाही बघितलीस? ती म्हणाली, “त्या दिवशी मी आईच्या साड्यांच्या घड्या करत होते, मिस.” आणि फोन ठेवला.

जेवण तसंच राहिलं. मग मी मैत्रेयीला हाक मारली आणि त्या कमेंट वाचल्या. तुला समाधान मिळावं म्हणून सांगते, सगळ्या वाचल्या. पहिल्या काही हसण्याच्या. मग एकानं लिहिलं, नवऱ्याला काहीतरी माहीत असणार. मग दुसऱ्यानं त्यावर. मग बाईचा फोटो मोठा करून, तिच्या कपाळावरच्या कुंकवावरून, ती हसते कशी त्यावरून. कुणी लिहिलं, बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीत सगळे ओळखत असतील हिला. मी तुला पुढचं लिहीत नाही. तू वाचलेलंच आहेस, नाहीतर एवढा पेटला नसतास. माझ्या शाळेत मुलांच्या संडासात असलं लिहायचे, आणि मी शिपायाकडून पुसून घ्यायची.

मैत्रेयी रडायला लागली. म्हणाली, मॅम, मी तेव्हाच म्हटलं होतं, चेहरा नीट झाकते, नाव काढते. तुला हेच ऐकायचं होतं ना? ऐक मग. म्हटलं होतं तिनं. मीच म्हटलं, राहू दे, चेहरा दिसला तर लोक थांबून बघतात. झालं समाधान? लिहून दिलं, सही पण करते.

व्हिडिओ काढून टाकला. लगेच काढला. पण त्याचा काही उपयोग नाही, हे मैत्रेयीनं मला दाखवलं. दुसऱ्यांनी तो कापून, खाली गाणं लावून, आपापल्या नावावर चढवलाय. त्यात मी आहे, लाल पेन घेऊन, ‘लव्हिंग’ म्हणताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवते. तेवढाच तुकडा फिरतोय. लोक आता स्वतःच्या बायकोच्या फोटोपुढं तशी बोटं वाकवून दाखवतात.

एवढं सगळं झालं तरी मी म्हणते, घाण लिहिणारे ते, मी नव्हे. मी व्याकरण सांगितलं. मी एखाद्याला म्हटलं, तुझा सदरा उलटा आहे, आणि बघणाऱ्यांनी त्याला नागडं केलं, तर दोष माझा? सांग.

तू दुसऱ्या चिठ्ठीत लिहिलंयस की तू त्या माणसाला नंतर विचारलंस, ती चिन्हं का घातली म्हणून. पत्रिकेत घराचं नाव तसं लिहितात ना, ‘श्री निलय’, ‘मातृछाया’, मंगल कार्यालयाचं पण. त्यानं बघितलं होतं की जे मानाचं असतं ते त्या चिन्हांच्या आत घालतात. म्हणून त्यानं आपल्या बायकोचं मानाचं ते आत घातलं. हे मला सांगायची काही गरज नव्हती. हे सांगून तू मला काय करायला लावतो आहेस ते मला कळतं. मी तीन हजार पोरांचे आई-बाप सांभाळलेली बाई आहे, असल्या युक्त्या माझ्यावर चालत नाहीत.

त्या चिन्हांची ती पद्धत चुकीचीच आहे. पत्रिकेवरही. बाबांना मी तेव्हाही सांगत होते. ते म्हणायचे, असू दे गं, लोकांना बरं वाटतं.

माझा नंबर परत कुणाला देऊ नकोस.

कस्तुरी


के. आर. पुरम,
रविवार, २३ नोव्हेंबर

अवधूत,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला काही तुझ्या उत्तरावाचून अन्न गोड लागत नाही असं नाही. अंजलीनं भाजणी पाठवली, तुझ्या नकळत पाठवली असेल, तिला सांग डबा मिळाला. तिनं डब्यात एक म्हण पण पाठवली आहे, कागदावर लिहून: शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. भावजयीकडून असलं ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर आली. तिला सांग, म्हण बरोबर लिहिली आहे. पूर्णविराम विसरली.

मैत्रेयी खोली सोडून जाते आहे. कारण विचारलं तर ऑफिस लांब पडतं म्हणाली. इतके दिवस पडत नव्हतं. वर जाताना म्हणाली, मॅम, मला आता रस्त्यातले बोर्ड वाचवत नाहीत. जा म्हटलं.

आठवड्यात तुझ्याकडं आले नाही तर मला चिकपेटला येण्याचं दुसरं कारणच नसतं, हे या आठवड्यात लक्षात आलं. काल मेजेस्टिकपर्यंत गेले आणि परत फिरले. फलाटावर उभी राहून जाहिरात वाचत होते, त्यात चुकीची अपॉस्ट्रॉफी होती, आणि मी तिच्याकडं बघत राहिले. पर्समधलं लाल पेन काढलंही नाही. बाजूची बाई म्हणाली, तुम्ही त्या मिस ना? मी नाही म्हणाले.

तू म्हणशील हिचं डोकं ठिकाणावर आलं. आलेलं नाही. मी अजून म्हणते, तू त्या माणसाला एक शब्द सांगितला असतास तर यातलं काही घडलं नसतं. तो दुसऱ्यांदा जिना चढला असता, स्वल्प त्रास झाला असता, बस. आता त्याला काय काय चढावं लागतंय ते बघ. बाबांच्या नियमानं कुणाचं भलं झालं? तूच सांग. सांगता येत नसेल तर निदान एवढं तरी लिही की सांगता येत नाही.

आणि त्या माणसाचा पत्ता पाठव. जाईन असं मी म्हटलेलं नाही. पाठव.

कस्तुरी


के. आर. पुरम,
रविवार, ३० नोव्हेंबर

अवधूत,

आज गेले होते.

पत्ता अंजलीनं पाठवला, तुझ्याकडून नाहीच आला. जांभळी मेट्रो, मग हिरवी, मग पिवळी. पिवळीवर गाडी लवकर येत नाही. तेवढ्या वेळात मी मनात वाक्य तयार करत होते. कन्नडमध्ये तयार केलं, कारण इंग्रजीत मला ते बोलायचं नव्हतं. नम्मिंद तप्पायितु. आमच्याकडून चूक झाली. मग वाटलं ‘आमच्याकडून’ कशाला, त्यात तू पण येतोस. नन्निंद केलं. माझ्याकडून. हे सगळं तुला मुद्दाम सांगते आहे, म्हणजे नंतर जे घडलं ते मी तयारी न करता गेले म्हणून घडलं असं तू समजू नयेस.

दोन खोल्यांचं घर, फॅक्टऱ्यांच्या मागच्या गल्लीत. दार काव्यानं उघडलं. ओळखलं मला, बघताक्षणी. आत या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी म्हटलं, तुझ्या अप्पांना भेटायचं आहे. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, “अप्पा आता काही लिहीत नाहीत, मिस. दूधवाल्याच्या कार्डावर पण मीच लिहिते. कंपनीत रजेचा अर्ज द्यायचा होता, तो पण माझ्याकडून लिहून घेतला. त्यांचं आता काही तपासायचं राहिलेलं नाही.” मी म्हटलं, तपासायला नाही आले. त्यावर ती बाजूला झाली.

तो आतल्या खोलीत होता. बनियनवर. मला दारातून बघितलं आणि उठून आडोशाला गेला. मला वाटलं, संपलं, येत नाही बाहेर. चांगलंच आहे म्हटलं, दाराशी बोलून निघू. तर तो सदरा घालून आला. इस्त्रीचा, वरच्या बटणापर्यंत लावलेला, केसांवरून पाणी फिरवलेलं. माझ्यापुढं उभा राहिला, बसला नाही. मी खुर्चीत आणि तो समोर हात बांधून. अवधूत, मी ते उभं राहणं ओळखते. वर्गात ज्याला उत्तर येत नसायचं तो मुलगा तसा उभा राहायचा.

मी वाक्य सुरू करणार तेवढ्यात त्यानं हात जोडले. इंग्रजीत बोलला. माझ्यासाठी इंग्रजीत बोलला रे. “सॉरी मिस. माय मिस्टेक. माय वाइफ व्हेरी गुड लेडी, मिस.” मग कन्नडमध्ये, “तप्पायितु, मिस. तप्पायितु.” माझं वाक्य त्यानं बोलून टाकलं. डोळ्यांत पाणी नव्हतं त्याच्या. भीती होती. मी आता पुढं काय करीन, अजून कुठं दाखवीन, याची.

आणि मी काय केलं सांगू? हे तू अंजलीला वाचून दाखवू नकोस. आयुष्यभर समोर पोरं येऊन उभी राहिली, सॉरी मिस म्हणाली, आणि माझ्या तोंडून जे निघत आलं तेच निघालं. मान हलवून, हात किंचित वर करून मी म्हणाले, “परवागिल्ला.” असू दे म्हणाले त्याला. चालेल म्हणाले. आणि तो माणूस, अवधूत, सुटल्यासारखा हसला. थँक्यू मिस म्हणाला. मुलीकडं वळून म्हणाला, कॉफी टाक मिसना.

काव्या जागची हलली नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, आता तरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण कुणाला बोलणार होते? तो तर खुश होऊन फोटोसमोरची उदबत्ती नीट करत होता, बायकोला सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटत होता. त्याला परत बसवून, नाही हो, तुमची नाही, माझी चूक, असं समजावायला मी तोंड कुठून आणू? आणि त्याला ते पटलं असतं का? तो मला मिस म्हणतो. मिस चुकत नसते.

काव्यानं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मी बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाली, “झालं ना मिस, तुमचं काम?”

आता तुझी अट. तू म्हणाला होतास, त्या घरी जाऊन माफी मागितल्यावर जिना चढ. तू बाबांच्या गादीवर बसून न्याय करतोस, तेव्हा तुला सगळं खरं सांगायला हवं. तुझ्यावरचा माझा राग उतरलेला नाही, मरेपर्यंत उतरणार नाही, तू मला प्रूफं पाठवायची बंद केलीस हे मी विसरणार नाही. पण या एका बाबतीत मी तुला फसवणार नाही. मी माफी मागायला गेले होते, आणि त्या माणसाला माफ करून आले.

माझी वाट बघू नकोस. जिना मी चढत नाही.

कस्तुरी